बोरिवली नॅशनल पार्क: कान्हेरी, शिलोंडा आणि टेंटमधला मुक्काम एकाच वीकेंडला बसेल का?

कांदिवलीकर
नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारचा बेत आहे. सहा मोठे, दोन मुलं (७ आणि १० वर्षं). सासूबाई ६४ वर्षांच्या, सपाटीवर छान चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. शनिवारी कान्हेरी, रात्री पार्कातच आमचे दोन टेंट लावायचे आणि रविवारी शिलोंडा ट्रेल (पार्कातलीच जंगलवाट). कुठे चुकतंय?

करवंद
मुक्कामापाशीच चुकतंय. स्वतःचा टेंट घेऊन आत कुठेही राहता येत नाही, संध्याकाळी पार्क रिकामं करतात. सुमारे १०३ चौरस किमीचं हे जंगल, आत बिबटे, आणि त्यांची वर्दळ तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. रात्री घरी जाऊन झोपा, कांदिवली कितीशी लांब आहे!

शिलोंडाही 'आलो आणि निघालो' असं होत नाही. वनखात्याची परवानगी आणि सोबत गाईड लागतो. निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करून जागा पक्की करा. रविवारी सकाळी गेटवर विचारलंत तर बहुधा परत यावं लागेल. सोमवारी पार्क बंद असतं, त्यामुळे 'राहिलं तर सोमवारी बघू' हेही डोक्यातून काढा.

आता कान्हेरी. मेन गेटपासून लेणी साधारण ६ किमी, डांबरी रस्ता, हळूहळू चढत जाणारा. मुलांना घेऊन चढायला दोन तास सहज लागतात, आणि पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत त्यांची हौस संपलेली असते. म्हणून उलटं करा: जाताना बस, येताना ज्यांना हवं त्यांनी पायी. रविवारी नऊनंतर बसची रांग वाढते, म्हणून शनिवारी जाताय ते बरंच. तरी साडेसात-आठपर्यंत गेटवर असा. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, वेगळं काढावं लागतं.

सासूबाईंसाठी क्रमांक ३ चं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. सुरुवातीलाच आहे, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आणि आत खांबांच्या रांगा. त्या तिथे सावलीत बसतील, बाकीच्यांनी वर जावं. कातळात खोदलेल्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात आणि वर बारीक वाळू असते. पाय घसरतो तो चढताना नव्हे, उतरताना. चपला-सँडल नकोत, खाच शाबूत असलेले बूट घाला.

शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायच्या नादी लागू नका. ३, ११, ४१ आणि ९० एवढी नीट बघा. ४१ मध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर (बोधिसत्त्व) आहे, ९० मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख. मुलांना मात्र पाण्याची टाकी दाखवा. लेण्यांलगत कातळात टाकं, आणि पावसाचं पाणी तिथवर नेणारे बारीक पाट. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. बोटाने पाट शोधत जायला सांगा, तासभर गप्प राहतील. ते पाणी पिऊ मात्र देऊ नका.

घोणस
करवंद यांनी सांगितलंय त्यात माकडांची भर. पिशवी कुरकुरली की ती आलीच. डबे सॅकच्या आत, चेन बंद, हातात पिशवी नको. खेचलीच तर सोडून द्या, ओढाताणीत चावा बसतो.

शिलोंडाला गेलात तर खाजकुयलीकडे लक्ष ठेवा. वाटेकडेच्या वेलावर सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा, नोव्हेंबरात वाळायला लागतात. सात वर्षांचं मूल हात लावणारच. लागली तर चोळू नका, चोळल्याने केस आणखी रुततात. चिकटपट्टी लावून अलगद ओढा, दोन-तीनदा, मग साबणाने धुवा. फुल बाह्या आणि फुल पँट ट्रेलला सक्तीची समजा, गोचिडांसाठीही. गोचीड चिकटलीच तर तेल, काडेपेटी वगैरे नको. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची.

वाटेवर लहान मुलं मध्ये, पुढे-मागे मोठे. झुडपाआड एकट्याने बसू द्यायचं नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतं. दिसलाच तर पळू नका, मुलाला उचलून घ्या, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. चावलेला अवयव हलू न देता थेट रुग्णालय.

कांदिवलीकर
मुक्काम रद्द, समजलं. पण मुलांना टेंटचं कबूल केलंय. दुसरीकडे कुठे? आणि पाणी किती?

करवंद
पाणी मोठ्यांना माणशी २ लिटर, मुलांना दीड. एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून वेगळी बाटली ठेवा, घामाने कुणाला थकवा आला तर. चमचे चहाचे, आणि मीठ जास्त नको.

उतारावरचा
टेंटसाठी राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं उधेवाडी. गावात लोक अंगणात टेंट लावू देतात, जेवण मिळतं. लोणावळ्याकडून साधारण १५ किमी, बराचसा कच्चा रस्ता. सासूबाईंना नेणार असाल तर गाडीवाल्याशी आधी बोला.

नोव्हेंबरात दव भरपूर. लोक थंडी म्हणून सगळ्या जाळ्या-खिडक्या बंद करतात आणि पहाटे टेंटमध्येच पाणी ठिबकतं. ते श्वासाचंच पाणी. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा आणि बाहेरचं कापड इतकं ताणा की आतल्याला कुठे टेकणार नाही. खुंट्या टेंटपासून बाहेर कललेल्या ठोका. मुरमात पातळ ॲल्युमिनियमच्या वाकतात, लोखंडी न्या, प्रत्येक टेंटला दोन-तीन जास्तीच्या. ओढ्याच्या पात्रात आणि वाळक्या फांदीखाली टेंट नको. शेगडी टेंटच्या आत तर अजिबात नको, दार उघडं असलं तरी.

आणि दोन्ही टेंट निघायच्या आठवडाभर आधी गच्चीवर उभे करून बघा. दांड्यांतलं इलास्टिक सैल पडलंय का, ते घरीच कळलेलं बरं.