अनुभव धागा: हुकलेली वारी, आणि तुमचंही जे काही हुकलं असेल ते

तुळसवाली (धागाकर्ती)

आज माउली लोणंदला आणि मी कोथरूडला. गुडघ्याला पट्टा, पाय उशीवर. मार्चमध्ये सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि लिगामेंट गेलं. डॉक्टरांना भीत भीत विचारलं, "दिवे घाट गाडीने चढते, सासवडपासून चालू का?" त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

२०२० आणि २०२१ लाही वारी चुकली होती, पण तेव्हा पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या. सगळ्यांचीच चुकली, म्हणून सोसली. यंदा माझी एकटीची चुकली आहे. दिंडीची भिशी भरून झाली होती, डोक्यावरच्या तुळशीसाठी नवी चुंबळ शिवून ठेवली होती. पालखी पुण्यातून निघाली त्या सकाळी मी ओट्याला धरून रडले आणि मग स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं चालून हेच कमावलं का?

मग माझी पहिली वारी आठवली. वाल्ह्याच्या मुक्कामात टँकरच्या नळाखाली तोंड धुताना चष्मा काढून ठेवला आणि विसरले. नंबर उणे सहा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रोज संध्याकाळी तळावर समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच धरतात आणि एका क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, तिचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत. मग हरवलं-सापडलं पुकारतात. माझा चष्मा पुकारला गेला, मिळाला नाही. पुढचे सगळे मुक्काम मी समोरच्या बाईच्या पदरावर नजर ठेवून चालले. ती फलटणकडची, रोजंदारीने खुरपायला जाणारी. मागे न बघता सांगायची, "खड्डा, माउली." "राडा हाय, माउली." "येळ हाय अजून, पाणी पी, माउली." मला माणसांवर इतकं विसंबायची सवयच नव्हती. बँकेत सगळ्यांच्या चुका काढणारी बाई मी. पंढरपुरात बारीतून पुढे सरकत गाभाऱ्यात पोचले तर विठोबा नीट दिसलाच नाही. तिने कानात सांगितलं, "आज पिवळा पितांबर हाय."

तर बसल्या बसल्या हा धागा. श्रद्धा कुठलीही चालेल, नसली तरी चालेल. रोजच्या जगण्यात काहीतरी बिघडलं, हुकलं, फसलं आणि तेव्हा तुम्ही काय धरलंत, एवढं लिहा. दोन अटी. चमत्कार नकोत. उपदेश तर नकोच. "देव करतो ते भल्यासाठी" असं लिहिणाऱ्याने आधी आमच्या जिन्यावरून उतरून दाखवावं.

कांदेवाला

ताई, मी माळशिरस तालुक्यातला. आमच्या वस्तीवर एका लहान दिंडीची दुपारची पंगत वडलांपासून आहे. साठ-सत्तर पान.

तीन-चार वर्षांमागं उन्हाळी कांदा केला होता. त्रेचाळीस पिशव्या भरून पाठवल्या. पट्टी आली ती उणे. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन उलट माझ्याकडूनच साडेतीनशे रुपये निघत होते. उरलेला माल कांदा साठवायच्या चाळीत. पाऊस लागला तसा वास सुटला. मी त्या बाजूनं जायचंच सोडलं. बायको निवडून निवडून सडका बाहेर टाकायची, मी दारात बसून मोबाईल बघायचो.

पंगतीचा दिवस जवळ आला तसं आईला म्हटलं, यंदा नको, माझ्यानं व्हायचं न्हाई. आई म्हणाली, "पंगत तुझी कुठं हाय? तुझ्या बापाची हाय. तू फकस्त वाढायला हायेस."

राग आला, पण बोलायला काय शिल्लक न्हवतं. दरसाल शिरा असायचा, त्या साली पिठलं-भाकरी आन् ठेचा. मान खाली घालून वाढत होतो, शिरा न्हाई म्हणून लाज वाटत होती. ओळीच्या मधी एक म्हातारबाबा भाकरीवर पिठलं घेऊन थांबलेला. म्हटलं बाबा, काय पायजे? तर म्हणतो, "माउली, कांदा न्हाई व्हय?"

मी उभाच राहिलो. घरात शेकड्यानं पिशव्या कांदा, आन् पंगतीत एक न्हाई. पळत चाळीत गेलो, एक पाटी भरून आणली. बाबानं कांदा भुईवर ठिवला, मूठ हाणली, फोडून खाल्ला. मग सगळ्या ओळीत धपाधप मुठी सुरू झाल्या. दोन पाट्या संपल्या. कुणीतरी म्हणालं, "कांदा ग्वाड हाय तुझा." त्या साली माझ्या कांद्याला चांगलं म्हणणारा तेवढा एकच माणूस.

भाव काय वाढला न्हाई. सोसायटीचं कर्ज फिटायला पुढची दोन वर्षं गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोबरोबर कांदा निवडायला बसलो. एवढंच सांगायचं होतं.

तुळसवाली

दादा, मी हे दोनदा वाचलं. त्या आईंना माझा दंडवत सांगा.

तरफ, मिरज

कांदेवाले दादा, तुमच्याच बाजूचे भोपळे आमच्याकडे येतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. आमच्या घरात तंबोरे आणि सतारी बनवतात. भोपळा तुमचा, लाकूड तुणीचं, डोकेदुखी आमची.

रमझान चालू होता, सोळावा की सतरावा रोजा. एका गायिकेचा तंबोरा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि जवारी लागत नव्हती. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीने इतका अलगद घासायचा असतो की तार त्याला जेमतेम चाटून गेली पाहिजे. मग खाली दोरा सरकवत सरकवत एक जागा येते आणि तार एकदम बोलायला लागते, एका तारेतून दहा आवाज. ती जागा येईना. मी घासतोय, तार चढवतोय, छेडतोय, उतरवतोय, पुन्हा घासतोय. घसा कोरडा, डोकं तापलेलं. चौथ्या-पाचव्या वेळेला कळलं की मी हाताने नाही, रागाने घासतोय. तोवर घोडी गेली होती. जास्त उतरली की परत भरता येत नाही.

अब्बा पलीकडे खुंट्या बसवत होते. अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली तसे म्हणाले, "ठेव ती. हात धू." मी म्हटलं, उद्या गिऱ्हाईक येणार आहे. ते म्हणाले, "उद्या येणार आहे ना? अस्र आत्ता आहे."

वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं तेव्हा हात थरथरत असल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं. नमाज झाली. परत बसलो आणि जुनी घोडी दुरुस्त करायचा नाद सोडून नवी घेतली. तंबोरा चार दिवस उशिरा गेला. गिऱ्हाईक चिडलं ते चिडलंच, त्यात काही बरकत वगैरे झाली नाही.

पण तेव्हापासून अजान झाली की कानस खाली ठेवतो. बिघडलेलं काम खाली ठेवणं एक वेळ सोपं असतं. छान लागत आलेली जवारी अर्ध्यावर सोडून उठणं फार जड जातं. ते मला अजूनही रोज जमतंच असं नाही.

तुळसवाली

मधला एक प्रतिसाद मी उडवायला सांगितला. अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत गोड बातमी मिळेल, अशातला होता. मला या वयात गोड बातमी नकोय, धन्यवाद.

पाचवी रांग, उजवीकडून तिसरा

माझी श्रद्धा वगैरे काही नाही, त्यामुळे इथे चालेल का माहीत नाही. पुण्यात आयटीत होतो. एका शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं आणि वीस मिनिटांत लॅपटॉप जमा. ईएमआय चालू. बायको समजूतदार आहे, त्याचा जास्त त्रास झाला. ओरडली असती तर मला पण ओरडता आलं असतं.

मित्राने इगतपुरीला विपश्यनेचा फॉर्म भरायला लावला. खरं कारण सांगतो, फी नव्हती. दहा दिवस बोलायचं नाही, फोन जमा, पहाटे चारला घंटा, संध्याकाळी जेवण नाही, नव्या साधकांना चहा आणि फळ. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. मी श्वासाकडे बघतोय आणि डोळ्यांसमोर मिसळ. तर्री, वर शेव, कडेला लिंबू. तिसऱ्या दिवशी मिसळ गेली आणि मॅनेजर आला. त्याच्याशी मी मनात इतकं भांडलो की घाम फुटला. शेजारी एक आजोबा होते, ते दर दहा मिनिटांनी ढेकर द्यायचे. मॅनेजर परवडला, असं वाटायला लागलं.

चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायची बैठक. डाव्या मांडीला अशी कळ लागली की हाड मोडतंय असं वाटलं. मी ठरवलं, पुढच्या सेकंदाला हलायचं. मग पुढच्या. मग पुढच्या. आणि एकदा, फक्त एकदा, ती कळ डोळ्यांदेखत विरघळली. अर्ध्या मिनिटाने परत आली, पण जाताना मी तिला बघितलं होतं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा ढेकरवाल्या आजोबांनी हात धरून माफी मागितली. "पोटाचं ऑपरेशन झालंय, आवरत नाही हो." मी दहा दिवस त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या!

नोकरी पाच महिन्यांनी लागली, पगार आधीपेक्षा कमी. घरी बसून ध्यान मी करत नाही, खोटं कशाला बोलू? पण रात्री दोनला पोटात गोळा येतो तेव्हा उठून एक्सेल उघडत नाही. पडून राहतो, बघत राहतो. जातो बहुतेक वेळा.

बाळकृष्ण आणि मी

आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, "हं" तेवढं उरलं. मी कॉलेजपासून पक्का नास्तिक. देवघराशी संबंध प्रसादापुरता. महिनाभराने आईच्या खाटेवरून दिसणारे देव काळे पडायला लागले आणि ती सारखी तिकडे बघून "हं, हं" करायची. शेवटी एका रविवारी चिंच भिजत घातली आणि ताट घेऊन तिच्यासमोर बसलो. बाळकृष्णाच्या गुडघ्यामागे मळ राहतो, तिथे चिंध्या जात नाहीत, जुना टूथब्रश लागतो. हे तिने मला "हं" आणि डाव्या हाताचं एक बोट, एवढ्यावर शिकवलं. दोन वर्षं दर रविवारी आम्ही हे केलं.

ती गेली. मी अजून नास्तिकच आहे. रविवारी घासतो.

अलिबागची, आता लोदची

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. लग्न होऊन १९७१ साली इथे इस्रायलला आले. मुलांनो, माझं मराठी जुनं आहे, हसू नका.

चाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली. कामावर जायला दोन बस बदलायला लागायच्या आणि नवऱ्याची पाठ धरलेली. माझं हिब्रू तेव्हा भाजीबाजारापुरतं. पहिल्या परीक्षेत नापास. नवस बोलले की पास झाले तर मलिदा करीन. आमच्यात मंगल प्रसंगी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावाचा, मलिदा असतो: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, खजूर, वर पाच फळं. अलिबागजवळ सागावला एक खडक आहे, तिथून एलियाहू रथातून वर गेला असं आमचे लोक मानतात आणि चाकांच्या खुणा दाखवतात. लहानपणी मी तिथे हात लावलेला आहे.

दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा परीक्षक काय ओरडला ते कळलंच नाही, कळलं फक्त की "थांब" असावं, कारण समोर भिंत होती. घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, आता नवसबिवस काही नाही, देवाला माझं ऐकू येत नाही. त्या पोहे निवडत होत्या. म्हणाल्या, "एलियाहू हन्नाबी काय लायसनच्या हापिसात कामाला आहे? पोहे भिजत घाल. चार वेळा गेलीस आणि चारदा सगळी हाडं शाबूत घेऊन घरी आलीस, त्याचा मलिदा."

केला. शेजारची मोरोक्कोची बाई आली, तिला नापास होण्याचं जेवण म्हणजे काय ते समजावताना माझं हिब्रू दोन तास चाललं. सहाव्यांदा पास झाले. तेव्हा मलिदा करायला वेळच मिळाला नाही, कामाची पाळी होती. तो अजून बाकी आहे.

कांदेवाला

मावशी, भारतात आला की आमच्याकडं या. पोहे आमचे, खोबरं तुमचं.

अलिबागची, आता लोदची

येते रे बाळा. कांदा सोडून काहीही वाढ.

तुळसवाली

धागा वाचता वाचता संध्याकाळ झाली. आत्ता लोणंदच्या तळावरून तिचा फोन आला, त्या फलटणकडच्या बाईचा. दरवर्षी ती पुढे आणि मी मागे, चष्मा असला तरी. माझी चुंबळ मी तिच्याचकडे दिली होती, ती म्हणाली, "तुमची चुंबळ लई मऊ हाय, तुळस डुलती." गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाली, "थांबा, धरते," आणि फोन वर धरला.

टाळांचा इतका कल्लोळ की लाऊडस्पीकर फाटतो की काय असं वाटलं. नातू खेळ सोडून आला. मग एकदम काही नाही. मला कळलं, चोप वर गेला. कुणाचेच टाळ मागे वाजत राहिले नाहीत, म्हणजे आज कुठल्या दिंडीची तक्रार नाही. मी मोबाईल कानाला घट्ट लावला. लांबून पुकारा यायला लागला: एक पिशवी, आधारकार्डासकट. एक काठी. मग जरा थांबून, "एक कवळी सापडली आहे. वरची."

सगळा तळ हसला. तीही फोनशेजारी हसत होती. नातू विचारतोय, आजी, कवळी म्हणजे काय, आणि तिकडे आरती सुरू झालीय.