हातात पैसा नसताना फोन, नंबर आणि कागदपत्रं कशी सांभाळलीत? (अनुभव धागा)

कोपरीकरीण

यांचं वागळे इस्टेटमधलं काम सुटलं तेव्हा घरात पहिली कात्री लागली ती रिचार्जला. माझं दुसरं सिम तसंच पडू दिलं. यंदा जूनमध्ये मुलीच्या फीसाठी जुन्या खात्याला हात घालायची वेळ आली आणि ओटीपी येईना. शेजारणीच्या फोनवरून माझाच नंबर लावला, तर पलीकडे कुणी अनोळखी बाई. "ताई, तुमच्या बँकेचे मेसेज मला येतात हो, मी पुसून टाकते." हातपाय गार पडले. बाई भल्या होत्या म्हणून निभावलं.

मग कळलं की प्रीपेड नंबर 90 दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर आणखी 90 दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. आधार, बँक, गॅस, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. बँकेत अर्ज, आधार केंद्रात बोटं लावून नवा नंबर, यात तीन खाडे झाले. आता किराण्याच्या आधी रिचार्जचे पैसे बाजूला काढते.

ओढाताणीच्या दिवसांत तुम्ही हे कसं सांभाळता? चुकलं असेल तेही लिहा, तेच जास्त उपयोगी पडेल.

घणसोलीकर

माझा राग झेरॉक्सच्या दुकानावर आहे. घरी प्रिंटर नाही, म्हणजे प्रत्येक कागद दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. एकदा त्याने माझी फाइल शोधताना डाउनलोडचा फोल्डर उघडला. आख्ख्या सेक्टरची आधार आणि पॅन कार्डं, कुणाचं पासबुक, कुणाची पगाराची स्लिप. मी मागे उभा राहून सगळं वाचू शकत होतो. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दुकानदाराला तो तोंडपाठ असतो.

आता आधारची झाकलेली प्रत काढतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर फुकट मिळते, शेवटचे चारच आकडे दिसतात. कागदावर आडवं लिहितो, "फक्त भाडेकरारासाठी", खाली तारीख आणि सही. आणि प्रिंट झाली की दुकानदाराला माझ्यासमोर फाइल डिलीट करायला लावतो, रिसायकल बिनमधूनही. मागे रांग असली की लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

निशिगंधा

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आईच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले आणि मी फोनवरच्या एका ॲपवरून कर्ज घेतलं. सात हजार मागितले, हातात साडेचार आले, आणि सातव्या दिवशी पूर्ण सात मागायला सुरुवात. ॲप टाकताना संपर्क, फोटो, सगळ्याला परवानगी मागितली होती. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून "हो, हो" दाबत गेले. नवव्या दिवशी माझा फोटो घाणेरडा करून पाठवला, माझ्या भावाला, आणि वाशीला ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या काकूंना.

काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून माझ्या हातात दिला. स्क्रीनशॉट पोलीस चौकीत दिले. भावाने ओळखीच्या प्रत्येकाला मेसेज केला की हे खोटं आहे, फोन आला तर उचलू नका. त्यानंतर धमक्यांचा जोर ओसरला. सप्टेंबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला तुमचे संपर्क, कॉलची यादी किंवा फोटो बघायची मुभाच नाही. मला ते आधी माहीत असतं तर त्या जिन्यातच थांबले असते. कुणाला तातडीने पैसे हवे असतील तर भिशीतून घ्या, पतपेढीत विचारा, पण ॲपने संपर्क मागितले की तिथेच बंद करा.

माथाड्याचा पोर

वडील एपीएमसीत, दाणा मार्केटला. फोन जुना, कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलंय आणि नवा घ्यायची ऐपत नाही. म्हणून पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलंच नाही. पोस्टाच्या बँकेत वेगळं खातं काढलं, त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे टाकतो. गेलेच तर हजार-बाराशे जातील.

बाबांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली आहे: पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) असेल तर उघडायचं नाही, पाठवणारा सख्खा मामा असला तरी. मामाचा फोनही कुणाच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

किसननगर

संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते फुकट दिसतं. माझ्या नावावर पाच निघाली, वापरतो दोन. ठाणे स्टेशनबाहेर छत्रीखाली बसलेल्याकडून एकदा सिम घेतलं होतं, त्याने अंगठा दोन-तीनदा लावायला लावला होता, "मशीन घेत नाही" म्हणून. उरलेल्या तिन्हींपुढे "माझा नंबर नाही" नोंदवून टाकलं.

कोपरीकरीण

निशिगंधा, तुमचं वाचून रात्री फोनमधल्या सगळ्या ॲपच्या परवानग्या तपासल्या. टॉर्चच्या ॲपला संपर्क कशाला हवे होते, देव जाणे. काढून टाकलं.

घणसोलीकर, झाकलेली प्रत काल गॅसवाल्याकडे नेली, तर म्हणाले पूर्ण आकडे दिसले पाहिजेत. कुणाची चालली आहे का तिथे?