मुलाला अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन होण्यासाठी वजन वाढवायला सांगतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो. उंच आहे, पण अंगाने सडपातळ. कोच म्हणतात, ऑफेन्सिव्ह लाइनवर (चेंडू असलेल्या टीमची पुढची रांग) खेळायचं तर पुढच्या सीझनपर्यंत भरपूर वजन वाढव.

त्यांचं म्हणणं पटतं. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, वाचवायला समोर भिंतच लागते. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, लाइनमन सर्रास 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या वर असतात. ईगल्स टीमचा लाइनमन जॉर्डन मायलाटा तर 6 फूट 8 इंच. अशी लाइन असली की पुढे सरकायचा शेवटचा एक यार्ड समोरच्यांना ढकलूनच काढता येतो.

काळजी वेगळीच आहे. रिसीव्हर (पास झेलणारा) धावत येऊन आदळतो, ती धडक सगळ्यांना दिसते. लाइनमनचं डोकं मात्र जवळपास प्रत्येक स्नॅपला, म्हणजे दर वेळी डाव सुरू होताना, थोडंथोडं आपटतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात गर्दीत कुणीतरी मागून रोवलेल्या पायावर कोसळलं की गुडघा गेलाच. वाढलेलं वजनही त्याच गुडघ्यांवर. ब्राउन्स टीमचा लाइनमन जो थॉमस याने निवृत्तीनंतर 50 पौंडांच्या आसपास वजन उतरवलं, पण आमच्याकडे आजोबांपासून डायबेटिस आहे, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

कुणाची मुलं लाइनवर खेळली आहेत का? वजन किती वेगाने वाढवू दिलंत? आधी रक्त तपासून घेतलं का? आणि त्याऐवजी टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा, तुलनेने हलका खेळाडू) खेळवा, असं कोचना सांगितलं तर ते ऐकून घेतात का?