नर्सिंगचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय की पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सनंतर पगार, फिरणं आणि लोकांच्या उपयोगी पडणं हे तिन्ही कशात जमेल. वर सगळ्यांनी एअर होस्टेस नाहीतर एनजीओ सुचवलंय. एकात सेवा म्हणजे चहा-कॉफी, दुसऱ्यात पगाराची बोंब. बीएस्सी नर्सिंग बघा की! चार वर्षांचा कोर्स, बेळगावातच होतो.

माझी मामेबहीण खानापूरची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. वॉर्डात कन्नड, घरी मराठी, आणि येता-जाता एसटीत मांडीवर जर्मनची वही. डेर, डी, डास पुटपुटायची, शेजारची मावशी विचारायची, "कसलं स्तोत्र गं हे?" आता जर्मनीत आहे. सुट्टीत हिंडते, फोटो पाठवून आम्हाला जळवते.

पण तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-टू पातळीची, म्हणजे बऱ्यापैकी सफाईनं बोलता-लिहिता येईल इतकी जर्मन लागते. तोवर बहुतेकदा मदतनीसाचंच काम आणि पगारही कमी. नाइट शिफ्ट, म्हाताऱ्यांना उचलणं, अंघोळ घालणं आलंच. किळस येत असेल तर नादी लागू नका.

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाचं लायसन्स सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो. आमच्याकडे एकाने तीन लाख मागितले होते. मामांनी चहा पाजून वाटेला लावला.