डिझेल घ्यावी की पेट्रोल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, क्रेटा घ्यायची ठरली आहे, पण इंजिनावर गाडी अडली आहे.

मित्राची डिझेल आंबा घाटात चालवली. पाच माणसं, डिकी सामानाने भरलेली, एसी चालू, आणि तरी वळणावरून तिसऱ्या गिअरमध्येच ती सरसर वर चढली. त्याच इंजिन क्षमतेच्या साध्या (बिनटर्बो) पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, १४४ एनएम, डिझेलचा २५०. तो फरक पायाला लगेच कळतो. मला तर गाडी मनापासून आवडली.

काळजी आहे ती पुण्यातल्या रोजच्या वापराची. ऑफिस जवळच, तेही सिग्नलला रखडत. बीएस ६ डिझेलच्या डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला सलग, वेगात गाडी चालावी लागते. आमचं रत्नागिरीला जाणं महिन्यातून एकदाच. तेवढं पुरतं का?

शहरात डिझेल वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: डीपीएफचा दिवा किती वेळा लागतो? तेव्हा हायवेला चक्कर मारून भागतं, की वर्कशॉप गाठावं लागतं? जास्तीची किंमत मायलेजमधून निघेल अशी आशा नाही, पण घाटातल्या त्या मजेसाठी पैसे मोजायची तयारी आहे. पेट्रोल टर्बो चालवलेल्यांनीही जरूर लिहा, भरल्या गाडीत घाट चढताना ती डिझेलइतकी निवांत वाटते का?