मदत हवी आहे: ट्रस्टचे जुने ऑडिटर एनओसी (ना-हरकत पत्र) देत नाहीत (वडोदरा)

रावपुरा_कार्यवाह: आमचा छोटा नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट आहे. यंदा दुसरे सीए नेमायचा ठराव झाला. जुने सीए म्हणतात, आधी फी चुकती करा, मग एनओसी. किर्द-खतावणीही त्यांच्याकडेच आहे. शिवाय त्यांनी दिलेल्या दाखल्याचा यूडीआयएन (सीएंच्या दाखल्यावरचा खास ओळख क्रमांक) बँकेला सापडत नाही. सीए इन्स्टिट्यूटच्या इथल्या शाखेत अर्ज केला तर वह्या परत मिळतील का?

ताळेबंद: नाही. शाखेला ते अधिकार नाहीत. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने इन्स्टिट्यूट सभासदाच्या वर्तनाची चौकशी करते, दंड करते, नाव नोंदवहीतून काढते. वह्या मिळवून देणं किंवा पैशांचा वाद मिटवणं तिच्या कक्षेत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट.

एनओसीची भीती सोडा. नियमाला जुन्या सीएंची संमती लागत नाही. लागतं ते नव्या सीएंनी काम स्वीकारण्याआधी जुन्या सीएंना लिहिलेलं पत्र, आणि ते पोचल्याचा पुरावा. पत्र ट्रस्टने पाठवून चालत नाही, नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं.

खरी अडचण फीची आहे. कायद्याने सक्तीच्या ऑडिटची निर्विवाद फी थकलेली असेल तर नव्या सीएंना नेमणूक घेता येत नाही. तुम्ही आणि ऑडिटर दोघांनी सह्या केलेल्या हिशेबात त्या फीची तरतूद दाखवली असेल, तर ती निर्विवादच धरतात. मागच्या वर्षाचा ताळेबंद आधी काढून बघा. रक्कम तिथे असेल तर चेकने द्या, पावती घ्या, आणि त्याच दिवशी वह्यांची यादी जोडून लेखी मागणी करा.

खतावणी: त्यानंतरही वह्या अडवल्या तर फॉर्म १ मध्ये इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन संचालकांकडे तक्रार करता येते. शुल्क २,५०० रुपये. मागणीपत्र, पोच, पावती, ठराव असे सगळे पुरावे पहिल्यांदाच जोडा. नुसता रागाचा मजकूर तिथे टिकत नाही. सात वर्षांपेक्षा जुनी बाब संचालक नाकारू शकतात.

यूडीआयएन १८ अक्षरांचा असतो: आधी वर्षाचे दोन आकडे, मग सहा आकडी सभासद क्रमांक, मग दहा अक्षरं-आकडे. सभासद क्रमांक पाचच आकडी असेल तर त्याच्या आधी शून्य लागतं. ते सुटलं, किंवा शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला, तर इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर काही दिसत नाही. जुळला तर तारीख आणि रकमाही ताडून बघा.

रावपुरा_कार्यवाह: दाखल्यावरचा आकडा १७ अक्षरीच निघाला, पण शून्य घालूनही सापडत नाही. सही होऊन तीन महिने झाले.

ताळेबंद: मग तो काढलेलाच नसावा, किंवा रद्द केला असेल. सहीनंतर ६० दिवसांतच काढता येतो, त्यामुळे त्या दाखल्याला आता मिळणार नाही. बँकेला आजच्या तारखेचा नवा दाखला द्या. प्रॅक्टिस करणारे कोणतेही सीए तो देऊ शकतात, मात्र ऑडिट झालेल्या हिशेबाच्या सहीच्या प्रती त्यांना दाखवाव्या लागतील.