फाटकावरच्या ट्रॅकमनला ‘ई.आय.’ ठरवले, दाद नेमकी कुठे मागावी?

प्रश्न : फाटकवाल्याचा भाऊ, लालबाग

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी रेल्वेत ट्रॅक मेंटेनर (श्रेणी चार) म्हणून लागला. सहा वर्षे त्याने रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये काढली आणि गेली तीन वर्षे तो मुंबईच्या उपनगरी पट्ट्याच्या टोकाकडील एका इंजिनीअरिंग फाटकावर गेटमनचे काम करतो. आजवर तेथे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या होत्या. आता जॉब अ‍ॅनालिसिस (ड्युटीत काम किती आणि मोकळा वेळ किती, याची पाहणी) झाल्याचे सांगून ते फाटक ‘ई.आय.’, म्हणजे अधूनमधूनच काम असलेले, ठरवले आहे आणि दोघांत बारा-बारा तासांचे रोस्टर लावले आहे. तिसऱ्या माणसाला पुन्हा गँगमध्ये पाठवले.

भावाचे म्हणणे असे, की माझे पदनाम ट्रॅक मेंटेनर आहे, गेटमन नव्हे. तेव्हा गेटमनचे वर्गीकरण मला लागूच होत नाही. त्याचा हा मुद्दा टिकेल का? आणि अर्ज करायचा तो कोणाकडे? कार्यालयात विचारले, तर प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचे नाव सांगतात.

उत्तर : निवृत्त कीमन

आपल्या भावाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. पदनाम ही एक गोष्ट आणि कामाच्या तासांचे वर्गीकरण ही दुसरी. सहाव्या वेतन आयोगानंतर गँगमन, ट्रॅकमन, कीमन, मेट ही आमची जुनी नावे कागदावरून गेली आणि ट्रॅक मेंटेनरच्या चार श्रेणी झाल्या. १८००, १९००, २४०० आणि २८०० असे त्यांचे ग्रेड पे होते. ज्येष्ठता आणि बढती त्या यादीत चालते. माणूस फाटकावर बसला म्हणून त्याचे त्या यादीतील स्थान जात नाही, आणि त्या यादीत नाव आहे म्हणून फाटकाचे तास त्याला लागू होत नाहीत, असेही नाही. मी स्वतः पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीवर असताना फाटकावरच्या माणसाचा हेवा केला आहे, हे कबूल करतो. पण बारा तास म्हणजे बारा तास.

उत्तर : श्रमकायदा, दादर

कीमन काकांनी केलेला फरक बरोबर आहे. पदनामाचा मुद्दा वर्गीकरणाविरुद्धच्या अपिलात टिकणार नाही, त्यामुळे तो पुढे करून वेळ घालवू नये. खरा मुद्दा त्याहून मजबूत आहे.

तासांचे वर्गीकरण रेल्वे अधिनियम १९८९ च्या चौदाव्या प्रकरणात आहे. कलम १३२ प्रमाणे ‘कंटिन्युअस’ (सलग कामाच्या) कामगाराची मर्यादा दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, ‘इंटेन्सिव्ह’ची (ताणाच्या कामाची) ४५ आणि ‘इसेन्शियली इंटरमिटंट’, म्हणजे आपल्या बोलीतील ई.आय.ची, ७५ तास आहे. हे आकडे आपल्याच शहराशी नाते सांगतात. रेल्वे कायद्याच्या १९३० च्या दुरुस्तीत ही मर्यादा कंटिन्युअसला ६० आणि ई.आय.ला ८४ होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्यामुळे ती खाली आली आणि ‘इंटेन्सिव्ह’ हा वर्ग निर्माण झाला.

कायद्याची रचना अशी, की जे काम ई.आय., इंटेन्सिव्ह किंवा एक्स्क्लुडेड (तासांच्या मर्यादेतून वगळलेले) ठरवलेले नाही, ते आपोआप कंटिन्युअस असते. म्हणजे ई.आय. ही घोषणा करावी लागते आणि तिला आधार लागतो. तो आधार काम हलके की जड हा नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सलग ७२ तासांच्या सरासरीने ड्युटीचा निम्मा किंवा अधिक वेळ निष्क्रिय असला पाहिजे, आणि त्यात किमान एक तासाची एक किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सलग सवडी असल्या पाहिजेत. निष्क्रिय कशाला म्हणायचे, तर ज्या वेळात कामगाराकडून शारीरिक हालचालीची किंवा सतत लक्ष देण्याची अपेक्षा नसते, त्या वेळाला. ‘सतत लक्ष’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. स्टेशन मास्तरचा फोन येतो, प्रायव्हेट नंबरची (खात्रीसाठीच्या गुप्त आकड्याची) देवघेव होते, फाटक पडते, गाडी येईपर्यंत गेटमन रिक्षावाल्यांचे हॉर्न आणि फाटकाखालून वाकून जाणारी माणसे सांभाळतो, गाडी जाताना हिरवा बावटा धरून डब्यांखाली काही लोंबकळते का ते पाहतो, आणि मग फाटक उघडून रजिस्टर भरतो. निरीक्षकाने यातील फक्त फाटक पाडण्या-उचलण्याची मिनिटे ‘काम’ म्हणून लिहिली असतील, तर तेथेच चूक आहे.

म्हणून जॉब अ‍ॅनालिसिसच्या तक्त्याची प्रत माहिती अधिकारात मागवा आणि ते तीन दिवस कोणते होते, ते पाहा. त्यात मेगाब्लॉकचा रविवार आला असेल, तर गाड्या नेहमीपेक्षा कमी धावलेल्या असणार आणि ते दिवस प्रातिनिधिक ठरत नाहीत.

दाद कुठे, याचे उत्तर २००५ च्या कामाचे तास व विश्रांती नियमांत आहे. वर्गीकरणाच्या घोषणेपासून नव्वद दिवसांत प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे अपील करता येते. ते गरज वाटल्यास नव्याने जॉब अ‍ॅनालिसिस करवून वर्गीकरण बदलण्याचा आदेश देऊ शकतात. मुंबईत केंद्रीय श्रम यंत्रणेचे कार्यालय शीवच्या श्रम रक्षा भवनात आहे. त्यांचाही निर्णय मान्य नसेल, तर पुढचे अपील केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या सचिवांकडे जाते. बढती, ज्येष्ठता किंवा वेतनश्रेणी यांवरचा वाद मात्र केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जातो. टेबलावरून टेबलावर फिरवले जाते, ते बहुधा हे दोन्ही वाद एकाच अर्जात लिहिल्यामुळे.

उत्तर : शाखा प्रतिनिधी

वरील कायदेशीर बाजू मान्य आहे. एक व्यावहारिक गोष्ट मात्र राहून गेली. भाऊ फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये राहतो का? ई.आय. कामगाराच्या आठवड्याच्या मूळ ४८ तासांवर सामान्यतः आठवड्याला आणखी १२ तास लावता येतात. ‘सी’ वर्गाच्या (फाटकांचे वर्ग रहदारीनुसार असतात) फाटकावरच्या गेटमनला, तसेच वाटेवरच्या स्टेशनावर नेमलेल्या आणि कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर मिळालेल्या कामगाराला ते २४ लागतात. म्हणजे रोस्टर ६० तासांचे की ७२ चे, हे फाटकाचा वर्ग आणि क्वार्टरचे अंतर यांवर ठरते. बारा तासांच्या सहा पाळ्या ७२ होतात, तेव्हा यातील कोणती अट दाखवून ते रोस्टर काढले, हे आधी पाहा. रोस्टरवरील जादा वेळ वैधानिक मर्यादेपर्यंत दीडपट आणि त्यापुढे दुप्पट दराने मिळतो. त्याची नोंद भावाने स्वतःच्या वहीत ठेवावी.

युनियनमार्फत हा विषय डिव्हिजनच्या पीएनएममध्येही (युनियन आणि प्रशासन यांच्या वाटाघाटीच्या बैठकीत) मांडता येईल. मात्र त्या बैठकीची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नका. आमच्याच शाखेत दोन प्रकरणे ‘चर्चा चालू आहे’ या शेऱ्याखाली मुदतीबाहेर गेली. तेव्हा मीच थांबायला सांगितले होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री भावाला फोन करून कागद पाहायला लावला. फाटक ‘सी’ वर्गाचे नाही. क्वार्टर त्याच्या नावावर आहे खरे, पण ते नव्या वसाहतीत, फाटकापासून चालत वीस मिनिटांवर. आदेशात मात्र ‘फाटकालगत निवास’ असे लिहिले आहे. जॉब अ‍ॅनालिसिस शुक्रवार ते रविवार असा झाला आणि त्या रविवारी दुपारी ब्लॉक होता, असे त्याच्या गेट रजिस्टरवरून दिसते. आदेशाला एकसष्ट दिवस झाले आहेत. त्याची प्रत भावाच्या हातात तीन आठवड्यांनी पडली. तरी आम्ही मुदत आदेशाच्या तारखेपासूनच मोजत आहोत. पदनामाचा परिच्छेद अर्जातून काढून टाकला आहे. बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी आहे, त्या दिवशी दोघे मिळून शीवला जातो.